सोलापुरातलं ‘युलिसिस’

‘युलिसिस’ वाचतोय असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “समजतं का?” स्टाफरूममध्ये तोच, लग्नाच्या पंगतीत तोच, पुस्तकाला बाइंडिंग करून देणाऱ्या माणसाचाही तोच. मी सगळ्यांना खरं तेच सांगते: अर्धं समजतं. यात मला कमीपणा वाटत नाही. अर्धंच कळत असताना उठून न जाणं, ऐकत राहणं, पान उलटणं, ही एक वेगळी ताकद आहे. ती आम्हा सोलापूरकरांना पाळण्यातच मिळते, असं माझं मत आता पक्कं झालंय. ते नीट मांडावं म्हणून हे लिहितेय.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळा मराठी, नोकरी गणिताच्या शिक्षिकेची. आजोबा करीमनगरकडून मागावर काम करायला इथं आले, वडील पॉवरलूमवर होते, अम्मानं आयुष्यभर विड्या वळल्या. वाचायची गोडी हिराचंद नेमचंद वाचनालयात लागली आणि ती सुटली नाही. रविवारी ऊन उतरलं की आमच्या घरी पाचजण जमतात. सर म्हणजे इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, या पुस्तकाचा हट्ट त्यांचा. काका पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवून निवृत्त झालेत. सिस्टर प्रसूतिगृहात आहेत, माहेर अक्कलकोटकडचं, घरात कन्नड. चौथा माझाच जुना विद्यार्थी. विजापूर वेशीजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, घरी दखनी उर्दू बोलतो, मला अजून ‘टीचर’च म्हणतो. पाचवी मी. अम्मा आतल्या खोलीच्या दारात पाय पसरून बसते. इंग्रजी तिला येत नाही, पण उठून जात नाही.

पुस्तकाबद्दल थोडं सांगते. जेम्स जॉइस हा आयरिश लेखक, १८८२ ते १९४१. ‘युलिसिस’ पॅरिसमध्ये २ फेब्रुवारी १९२२ ला, त्याच्या चाळिसाव्या वाढदिवशी बाहेर आलं. प्रकाशित केलं सिल्व्हिया बीच नावाच्या पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी, कारण अमेरिकेत त्याची प्रकरणं छापणाऱ्या मासिकावर खटला होऊन १९२१ मध्ये शिक्षा झाली होती. तिथली बंदी उठवणारा निकाल यायला १९३३ उजाडलं. कथा सगळी एका दिवसाची: गुरुवार, १६ जून १९०४, डब्लिन शहर, सकाळी आठपासून मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. अठरा प्रकरणं आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. मुख्य माणूस लिओपोल्ड ब्लूम, वय अडतीस, वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळवत फिरणारा. दुसरा स्टीफन डेडॅलस, बावीस वर्षांचा, शाळेत शिकवणारा. तिसरी ब्लूमची बायको मॉली, गाणारी. घडतं काय? ब्लूम एका अंत्ययात्रेला जातो, कामासाठी हिंडतो, जेवतो, भांडणात सापडतो, रात्री स्टीफनला घरी आणतो. दुपारी चार वाजता बायकोला भेटायला दुसरा माणूस घरी येणार आहे हे त्याला सकाळपासून माहीत असतं. एवढंच.

मराठीत ज्याला आपण संज्ञाप्रवाह म्हणतो, मनात जसं येतं तसं लिहिणं, त्याचं हे मोठं उदाहरण. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’मध्ये १९४२ सालीच ते मराठीत करून बघितलं होतं. सरांनी पहिल्या बैठकीत त्याचीच आठवण करून दिली, म्हणाले, “परकं आहे असं समजू नका.”

मग सरांनी पद्धत सांगितली. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शब्द अडला म्हणून थांबायचं नाही. भाग संपला की प्रत्येकानं आपल्याला काय ऐकू आलं ते आपल्या भाषेत सांगायचं. टिपा, मार्गदर्शक पुस्तकं सगळं त्यानंतर. आयरिश रेडिओनं १९८२ साली, जॉइसच्या जन्मशताब्दीला, सगळं पुस्तक नटांकडून सलग वाचून घेतलं होतं, जवळजवळ तीस तास. ते ऐकायचं तेही आपलं वाचून झाल्यावरच.

मला पुस्तकानं दुसऱ्या प्रकरणात धरलं, आणि त्याचं कारण गणित. स्टीफनचा तास संपतो, पोरं हॉकी खेळायला पळतात. एक मुलगा मागं राहतो, सार्जंट त्याचं नाव. अशक्त, दिसायला बरा नाही, गालाला शाईचा डाग. मुख्याध्यापकांनी त्याला फळ्यावरची गणितं पुन्हा उतरवून काढायला लावलीत. स्टीफन विचारतो, आता तुला स्वतःहून येतील का? मुलगा नाही म्हणतो. स्टीफन शेजारी बसून गणित सोडवून दाखवतो आणि त्याच्या मनात येतं, याच्यावरही कुणीतरी जीव लावला असेल, याची आई नसती तर जगानं याला केव्हाच पायाखाली चिरडलं असतं. स्टीफनची स्वतःची आई वारलेली आहे. तिच्या अखेरच्या वेळी तिनं विनवूनही तो प्रार्थनेला गुडघे टेकून बसला नाही, हे ओझं तो दिवसभर वागवतो.

वर्गात इतकी वर्षं उभी राहिलेय मी. मागच्या बाकावरचा, सगळे गेल्यावर वही घेऊन टेबलापाशी येणारा, “टीचर, नाही आलं” म्हणणारा मुलगा मला माहीत आहे. शिक्षकाच्या मनात त्या क्षणी जे चालतं, कंटाळा आणि माया दोन्ही एकाच वेळी, ते इतकं खरं मी कुठं वाचलं नव्हतं. तीन-चार पानांत बीजगणित, आई, शाळा, शरम सगळं. त्या रविवारी चहा करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

आणि लगेच तिसरं प्रकरण. इथं बहुतेक वाचक पुस्तक मिटतात. स्टीफन एकटा समुद्रकिनाऱ्यावर चालतो, डोळे मिटून चालून बघतो, आणि त्याच्या डोक्यातलं तत्त्वज्ञान, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन, मेलेली आई, पॅरिस, बुडालेला माणूस, सगळं आपल्यावर येऊन आदळतं. दुकानदार पोरगा म्हणाला, “काय बोललालाय काय कळंना बघा.” सरांनी वाद घातला नाही. पुढचं काढलं आणि चौथं वाचायला लावलं. माझा आग्रह राहील: नव्या वाचकानं चौथ्या प्रकरणानंच सुरुवात करावी, पाच-सहा वाचून मग पहिल्याकडं यावं. पुस्तकाची त्यात काही हानी होत नाही, कारण चौथ्यात घड्याळ परत सकाळी आठवर येतं.

चौथ्यात ब्लूम येतो तो स्वयंपाकघरात. प्राण्यांच्या पोटातले अवयव त्याला आवडतात, आणि सकाळी सकाळी त्याला गुर्दा खायचा आहे. शेजारच्या खाटकाकडं जाऊन एक आणतो, तव्यावर टाकतो, मांजराला दूध घालतो, बायकोचा चहा-नाश्ता वर नेऊन देतो आणि तिच्याशी बोलत बसतो तोवर खाली करपल्याचा वास. धावत खाली. आमच्याकडं खिमा, कलेजी, गुर्दा, वजडी या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. मांजराचा आवाज जॉइसनं म्याँव असा लिहिलेला नाही. दर वेळी अक्षरं वेगळी, भूक वाढली की एखादं अक्षर वाढतं. सिस्टरनी तो आवाज इतका हुबेहूब काढला की अम्मानं दारातून विचारलं, मांजर कुठनं आलं? मग तिला तेलुगूत सगळं सांगितलं. गुर्दा करपला म्हटल्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, “बायको वर झोपून काय करालीय?” सर म्हणाले, “कादंबरीचा मुख्य प्रश्न आजींनी विचारला.” ते खरंच होतं. वर झोपलेल्या मॉलीच्या उशीखाली त्या वेळी त्या दुसऱ्या माणसाचं पत्र असतं.

आता ताकदीबद्दल म्हणाले होते, ते.

मी लहान असताना आमच्या गल्लीत पालेभाजी घेऊन एक बाई यायच्या, कन्नड बोलणाऱ्या. अम्माला कन्नड येत नव्हतं, त्यांना तेलुगू येत नव्हतं. भाव ठरायचा, लेकीच्या सासरची चौकशी व्हायची, दोघी मिळून कुणाला तरी नावंही ठेवायच्या. बांगड्यावाले चाचा दखनी बोलायचे, आम्ही मराठी-तेलुगू मिसळून उत्तर द्यायचो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजामागं चालताना कानावर पडणारी कन्नड वचनं मला शब्दशः कधीच कळली नाहीत, पण त्यांचा सूर झोपेतही ओळखेन. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हा बाकीच्या सोलापूरचं आमच्या तेलुगू गाण्यांबद्दल तसंच होत असणार. एवढ्या भाषांच्या मध्ये वाढलेल्या मुलाला कळत नसलेल्या शब्दाची भीती वाटत नाही. तो आवाज ऐकतो, तोंडाकडं बघतो, मागचं-पुढचं धरतो, थांबतो. चार दिवसांनी तोच शब्द परत येतो, तेव्हा कळतो.

‘युलिसिस’ वाचायला नेमकं हेच लागतं. त्यात एखादी गोष्ट पहिल्यांदा येते तेव्हा कळत नाही, कारण ती कळण्यासाठी लिहिलेलीच नसते. ब्लूमच्या खिशात एक बटाटा असतो. का, ते तिथं सांगितलेलं नाही. पाचव्या प्रकरणात तो लिंबाच्या वासाचा साबण घेतो आणि दिवसभर तो साबण या खिशातून त्या खिशात. शेकडो पानांनंतर कळतं की तो बटाटा त्याच्या आईची आठवण आहे, इडापिडा टळावी म्हणून जवळ ठेवलेला. तोवर आपण नुसता लक्षात ठेवायचा.

अकरावं प्रकरण गाण्यांचं. सुरुवातीची दोन पानं तुटलेल्या ओळींची, अर्थ लागतच नाही. मग खरी कथा सुरू होते: ब्लूम एका हॉटेलात जेवतोय, शेजारच्या खोलीत लोक पियानोवर गातायत, आणि चार वाजलेत. ते सुरुवातीचे तुकडे एकेक करून आपापल्या जागी येतात. वाचताना अधूनमधून घुंगरांसारखा एक आवाज येत होता, दोन-तीन शब्दांचाच. सरांना सोडून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दुकानदार पोरगा मान वर करून म्हणाला, “टीचर, तो टांगा परत आला.” तो टांगा म्हणजे ब्लूमच्या बायकोकडं निघालेल्या माणसाची गाडी. ब्लूम गाणी ऐकतोय, समोरचं खातोय आणि त्याच्या कानात ती गाडी शहरातून आपल्या घराकडं चाललीय. सुरुवातीला पानावर हे सरळ लिहिलेलं नसतं. इंग्रजी आम्हा सगळ्यांत कच्चं असलेल्या मुलानं ते कानानं पकडलं. सर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आपण हे पुस्तक वर्गात चुकीच्या पद्धतीनं शिकवलं जाताना बघितलंय.

त्याच संध्याकाळी सरांनी छपाईची हकीकत सांगितली. पुस्तक छापलं फ्रान्समधल्या दिजों गावच्या छापखान्यानं, जिथल्या जुळाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षर बघून खिळा उचलायचा, एवढंच. जॉइस तर प्रुफांच्या मार्जिनमध्ये नवा मजकूर भरतच राहिला. हजार प्रतींची ती पहिली आवृत्ती छपाईच्या चुकांनी भरलेली होती. मला ते जुळारी फार जवळचे वाटले. विसाव्या शतकातलं सगळ्यांत अवघड इंग्रजी पुस्तक, आणि ते पहिल्यांदा अक्षर-अक्षर हातातून गेलं ते इंग्रजी न येणाऱ्या कामगारांच्या.

बारावं प्रकरण मात्र आम्हाला शंभर टक्के समजलं. दारूच्या गुत्त्यात बसलेली मंडळी, सांगणारा एक निनावी वसुलीवाला, आणि ‘सिटिझन’ म्हणवला जाणारा एक कडवा देशभक्त, सोबत त्याचा कुत्रा. डब्लिनवर तेव्हा इंग्रजांचं राज्य आहे. बोलता बोलता एकजण फाशी देणाऱ्यांची पत्रं काढून वाचतो. लिव्हरपूलचा एक न्हावी लिहितो की अमक्याला फाशी द्यायची असेल तर मी येतो, माझा दर अमुक. गुत्त्यात त्यावर शेरेबाजी. आमच्या खोलीत कुणी हसलं नाही. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फासावर दिलं. ती चार नावं इथं प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतात. त्यांच्या वेळीही कुणीतरी असाच दर ठरवला असेल का, असं काकांनी विचारलं. जॉइसनं ते विनोदी लिहिलंय हे मला मान्य आहे. आम्हाला ते विनोदी वाटलं नाही हेही तितकंच खरं.

मग ब्लूमला विचारतात, राष्ट्र म्हणजे काय? तो साधं उत्तर देतो: एकाच जागी राहणारी माणसं. त्यावर थट्टा होते. गडबडून तो जोडतो, किंवा वेगवेगळ्या जागीही. शेवटी सिटिझन विचारतो, तुझा देश कुठला? ब्लूमचे वडील हंगेरीतून आलेले ज्यू. तो म्हणतो, आयर्लंड, माझा जन्म इथला. सिटिझन काही बोलत नाही, थुंकतो. प्रकरणाच्या शेवटी ब्लूमच्या मागं बिस्किटाचा डबा भिरकावतो.

हा भाग पोरानं वाचला. ब्लूमच्या उत्तरापाशी त्याचा आवाज खाली आला. मला लोक अजून विचारतात, “मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?” सोलापूरची म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, “नाही, पण मूळच्या?” आमची तिसरी पिढी इथं आहे. त्याच्या घराच्या तर कितीतरी पिढ्या इथं आहेत आणि त्याला हा प्रश्न माझ्यापेक्षा वेगळ्या, कडक आवाजात विचारला जातो. आम्ही दोघं यावर आधी कधी बोललो नव्हतो. त्याला दहावीला शिकवलं, त्याच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करून घेतला, तरी नाही. त्या रविवारी सगळे गेल्यावर तो थांबला आणि बोलला. काय बोलला ते त्याचं आहे, इथं लिहिणार नाही. डब्लिनमधल्या एका दुपारी थुंकलेल्या माणसामुळं ते बोलणं निघालं, एवढं सांगते.

चौदाव्या प्रकरणावर आमचं फाटलं. जागा प्रसूतिगृह. वरच्या मजल्यावर एक बाई तीन दिवस कळा देतेय, खाली मेडिकलची पोरं पीत बसलीत. भाषा मात्र इंग्रजी गद्याच्या सुरुवातीपासून शतकामागून शतक बदलत जाते, गर्भ वाढावा तशी. सर या प्रकरणावर जीव टाकतात. सिस्टर संतापल्या. “बाई तीन दिवस अडलीय, सर. तिचा एक आवाज नाही या पानांवर. तिचं बाळंतपण ह्यानं भाषेचा इतिहास दाखवायला वापरलं.” सरांनी रचनेचं कौतुक समजावून सांगितलं, सिस्टरनी ऐकून घेतलं आणि मत बदललं नाही. मी सिस्टरच्या बाजूची. ते प्रकरण थक्क करतं, पण त्यात लेखक आपल्या कौशल्यात इतका रमलाय की वरच्या मजल्यावर जायला त्याला वेळ नाही. एकटा ब्लूम त्या बाईची चौकशी करायला आलेला असतो, हे पुस्तकाच्या बाजूनं सांगायला हवं. अवघड पुस्तकासमोर नुसती मान डोलवायची नाही, हे आम्हाला सिस्टरनी दाखवून दिलं.

पंधरावं नाटकासारखं, पुस्तकातलं सगळ्यांत लांब, स्वप्न आणि भास यांनी भरलेलं. सोळावं मुद्दाम थकलेल्या भाषेत लिहिलंय आणि वाचणाराही थकतो. त्यावर जास्त बोलण्यासारखं माझ्याकडं नाही.

सतराव्यानं मात्र काकांना बोलतं केलं. तोवर ते येत, ऐकत, फार बोलत नसत. हे प्रकरण सगळं प्रश्नोत्तरांचं, एखाद्या चौकशी अहवालासारखं कोरडं. मध्यरात्र उलटल्यावर ब्लूम स्टीफनला घरी आणतो, कोको करायला किटली घेऊन नळ फिरवतो. पुस्तक विचारतं, पाणी आलं का? आम्ही सगळ्यांनी एकदम एकमेकांकडं बघितलं. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा प्रश्न रोजचा आहे. उत्तर असं की, आलं, विक्लो परगण्यातल्या राउंडवूड जलाशयातून, त्याची साठवण २४०० दशलक्ष गॅलन. मग भूमिगत जलवाहिनी, एकेरी आणि दुहेरी नळ, वारभर घालायला ५ पौंड खर्च, कुठल्या कुठल्या गावांवरून बावीस मैल येऊन स्टिलॉर्गनच्या २६ एकरांच्या तलावात. पुढं उन्हाळ्यातली टंचाई, पातळी खाली गेल्यानं पिण्याशिवाय पाणी वापरायला मनाई, आणि त्यातही कोण किती नासाडी करतं ते. एका नळाच्या पाण्यासाठी एवढं मोठं वाक्य.

काकांनी ते परत वाचायला लावलं. मग कागद मागितला. गॅलनचे लिटर, लिटरचे घनमीटर, घनमीटरचे टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. “अर्धा टीएमसीसुद्धा भरत नाही हो,” ते म्हणाले. आपलं उजनी धरण ११७ टीएमसीचं, आणि तेही उन्हाळ्यात अनेकदा मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली जातं. तिथून शंभर किलोमीटरच्या आसपास पाइप टाकून पाणी सोलापुरात येतं. शिवाय टाकळीची योजना, हिप्परगा तलाव. काकांनी कुठं व्हॉल्व्ह, कुठं गळती, दाब कुठं पडतो, रात्री दोनला पाणी सोडायचं तर कोण जागं राहतं, हे सगळं सांगितलं. त्या रविवारी पुस्तक पुढं सरकलंच नाही आणि कुणाची तक्रार नव्हती. “माझ्या नोकरीबद्दल कुणी कादंबरीत लिहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं,” असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. काही टीकाकार हे प्रकरण थंड आहे म्हणतात. आम्हाला ते थंड लागलं नाही. ज्याला पाण्याची किंमत माहीत आहे त्याला त्या आकड्यांत माया दिसते: एका पाहुण्याला कप भर कोको द्यायचा, तर त्यामागं केवढं शहर उभं आहे.

शेवटचं प्रकरण मॉलीचं. अंथरुणात पडल्या पडल्या तिच्या मनात जे येतं ते, आठ लांबलचक वाक्यांत, जवळजवळ विरामचिन्हांशिवाय. शरीराबद्दल, पुरुषांबद्दल काहीच झाकलेलं नाही. पुरुषांसमोर वाचायचं का, वाचायचं कुणी, यावरच एक संध्याकाळ गेली. सिस्टरनी ते मिटवलं. “लेबर रूममध्ये मी यापेक्षा मोकळं रोज ऐकते. मी वाचते.” अर्धं त्यांनी वाचलं, अर्धं मी.

ब्लूम आणि मॉलीचा एक मुलगा होता, रुडी. अकरा दिवसांचा होऊन गेला, त्याला आता अकरा वर्षं झालीत. पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी ब्लूमला तो दिसतो, अकरा वर्षांचा, हातात पुस्तक. मॉलीच्या बोलण्यात तो एकाच ठिकाणी थोडासा येतो: विणलेल्या ज्या लोकरी कोटात त्याला पुरलं, तो कोट दुसऱ्या कुणा गरिबाच्या बाळाला द्यायला हवा होता, असं ती म्हणते आणि लगेच दुसऱ्या विषयाकडं वळते. सिस्टर तिथं थांबल्या. प्रसूतिगृहात अशी बाळं त्यांनी स्वतःच्या हातांनी गुंडाळून दिलीत. पाणी प्यायल्या आणि पुढं वाचायला लागल्या. चौदाव्या प्रकरणाबद्दलचा राग त्यांचा तसाच आहे, पण जॉइसला बाईच्या मनातलं काहीच कळत नव्हतं असं आता त्या म्हणत नाहीत.

प्रकरणाच्या सुरुवातीला मॉली एका गोष्टीनं चकित झालेली असते. एरवी तिला नाश्ता वर नेऊन देणाऱ्या नवऱ्यानं झोपायच्या आधी सांगितलंय, उद्या सकाळी माझा नाश्ता अंथरुणात, दोन अंडी. ती ते आणून देणार का नाही, हे पुस्तक सांगत नाही. आमच्यात अजून एकमत नाही. सरांच्या मते तो प्रश्नच गौण आहे. काका म्हणतात, एकदा देईल, मग परत ब्लूमच करेल. पोरगा म्हणतो, देणार नाही आणि का द्यावीत. अम्माला तेलुगूत सगळं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, दिवसभरात त्यानं घरी येऊन तिला एकदा तरी नीट विचारलं का, काय झालं म्हणून? नाही विचारलं. “मग कशाला देईल,” अम्मा म्हणाली. सिस्टर आणि मी म्हणतो, देईल. शेवटच्या पानांत ती होथच्या टेकडीवरचा तो जुना दिवस आठवते, ब्लूमनं लग्नाचं विचारलं तो, आणि तिच्या होकारावर पुस्तक संपतं. ते मोठ्यानं वाचलेल्या बाईला नाही म्हणता येत नाही. देईल ती.